न पुसलेली ओली फरशी: 'स्कायरिम'मधल्या एका टेक्स्चरच्या अल्फाचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझ्या मावसबहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासातून उरलेला वेळ (आणि खरं सांगायचं तर अभ्यासाचाही बराचसा वेळ) तो 'स्कायरिम' या संगणकी खेळासाठी मॉड, म्हणजे खेळात हौशी लोकांनी केलेले बदल, बनवण्यात घालवतो. हा खेळ मूळ २०११चा. २०१६ साली त्याची 'स्पेशल एडिशन' आली, आणि भाचा तीच वापरतो. गेल्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की खेळातल्या एका घराची दगडी फरशी काढून तिथे आपल्याकडची शहाबादी बसवायची. सातारा जिल्ह्यात त्याच्या आजीचं, म्हणजे माझ्या मावशीचं, जुनं घर आहे. माजघरात अजून मूळची शहाबादी आहे, दर्जा (दोन फरश्यांमधल्या फटी) सिमेंटने भरलेली आणि कोपऱ्यांत टवके उडालेली. सुट्टीत गेला, मोबाइलवर फोटो काढून आला, चारही कडा एकमेकींना जुळतील असा चौकोन बनवला आणि खेळात चढवला.

मी पुण्यात बिल्डर लोकांसाठी इंटिरियरची चित्रं करून देतो. आमच्या धंद्यात प्रत्येक फरशी इटालियन मार्बलसारखी लकाकलीच पाहिजे असा आग्रह असतो, त्यामुळे चकाकीवर माझा आधीच राग आहे. म्हणूनच बहुधा त्याने फोन केला तो मला. "मामा, फरशी ओली दिसतीये. पुसून घेतल्यासारखी."

हे प्रकरण त्या ओल्या फरशीचं. काम चारेक आठवड्यांचं, तेही शनिवार-रविवार. चूक कुणाची म्हणाल तर आम्हा दोघांची, आळीपाळीने.

अडचण

त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट बघून मला हसू आलं. मशालीच्या उजेडात माजघराची फरशी तळ्यासारखी चमकत होती. दगडाचा रंग बरोबर, टवके बरोबर, दर्जाही बरोबर, पण सगळ्यावर काचेचा थर दिल्यासारखा. चूल, दिवा, मशाल जे काही पेटलेलं असेल त्याचा झगझगीत कवडसा जमिनीवर. आणि तो कवडसा दगडावर जेवढा, तेवढाच सिमेंटच्या दर्जांत. खरी फरशी ज्याने आयुष्यात एकदा तरी पुसलीय त्याला हे बघताक्षणी खटकेल, कारण दर्जा कधी चमकत नाहीत.

इथे खेळाच्या आतली व्यवस्था थोडी सांगावी लागेल. स्कायरिममध्ये अशा पृष्ठभागाला किमान दोन चित्रं, म्हणजे टेक्स्चर, लागतात. एक रंगाचं, त्याला डिफ्यूज म्हणतात. दुसरं नॉर्मल मॅप. ते जांभळट-निळं दिसतं आणि पृष्ठभागाचा कुठला कण कुठल्या बाजूला कललाय हे सांगतं. नॉर्मल मॅपच्या लाल, हिरव्या, निळ्या वाहिन्यांत (चॅनेलांत) दिशा भरलेली असते. चित्राला चौथीही वाहिनी असते, अल्फा. एरवी अल्फा म्हणजे पारदर्शकता: शून्य म्हणजे आरपार, २५५ म्हणजे भरीव. पण नॉर्मल मॅपला पारदर्शकतेचा काही उपयोग नाही, मग ती जागा फुकट कशाला घालवायची? म्हणून या खेळाने तिथे चमक ठेवली. अल्फा काळा तिथे चमक नाही, पांढरा तिथे पूर्ण चमक. याच घराण्यातल्या 'ऑब्लिव्हियन'मध्येही (२००६) हीच पद्धत होती. 'फॉलआउट ४'मध्ये (२०१५) मात्र चमकेसाठी वेगळी फाइल आली.

भाच्याला यातलं नॉर्मल मॅपचं माहीत होतं, अल्फाचं नव्हतं. नॉर्मल मॅपची फाइल साठवताना त्याने बीसी १ हा प्रकार निवडला; टेक्स्चर दाबून लहान करायचे बीसी १, ३, ७ असे प्रकार असतात. कारण विचारलं तर म्हणाला, "फरशीत पारदर्शक काय आहे? अल्फा कशाला वाया घालवू?" तर्क चुकीचा नाही, फक्त या खेळाला लागू नाही. बीसी १ मध्ये असा पूर्ण अल्फा मावतच नाही. आणि अल्फा नसलेलं चित्र वाचताना ग्राफिक्स कार्ड काय धरतं? २५५. म्हणजे सगळीकडे पूर्ण भरीव, म्हणजेच सगळीकडे पूर्ण चमक. तो अल्फा वाचवायला गेला आणि खेळाने तो शंभर टक्के भरून टाकला.

हे आज चार वाक्यांत लिहिलं, पण आम्हाला कळायला दोन आठवडे लागले.

पहिले दोन आठवडे: चुकीच्या फाइलशी झुंज

मला फोन यायच्या आधी त्याने स्वतः तीन उपाय केले होते. पहिला, रंगाचं चित्र काळपट केलं. फरशी काळी झाली आणि ओलीच राहिली, आता डांबरावर पाऊस पडल्यासारखी.

दुसरा उपाय जास्त शिकवणारा. त्याने कुठेतरी वाचलं होतं की टेक्स्चरची पारदर्शकता कमी केली की चमक कमी होते. वाक्य अर्धवट खरं आहे. कुठल्या टेक्स्चरची हे त्यात नव्हतं, आणि त्याने स्वाभाविकपणे रंगाचं चित्र उघडलं. अल्फा ५० टक्के केला, काही नाही. २० टक्के केला, तरी काही नाही. शेवटी शून्य केला तरी फरशी तशीच. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की हा खेळ अल्फा बघतच नाही. खेळ बघतो, पण रंगाच्या चित्राचा अल्फा तो पारदर्शकता म्हणून बघतो, आणि तेही त्या मेशला, म्हणजे ज्यावर चित्र चढवतात त्या त्रिमितीय आकाराला, पारदर्शकतेचा गुणधर्म जोडलेला असेल तरच. जमिनीच्या मेशला तो कोण जोडेल? त्यामुळे त्याचा सगळा खटाटोप खेळाने शांतपणे दुर्लक्षिला. पदरात काय पडलं, तर फाइल दुप्पट वजनाची झाली.

तिसरा उपाय म्हणजे निफस्कोप या प्रोग्राममध्ये मेश उघडून तिची स्पेक्युलर स्ट्रेंग्थ, म्हणजे चमकेचा जोर, शून्यावर आणणं. त्याने ओल गेली, पण तिच्यासोबत दगडाचा जीवही गेला. फरशी पुठ्ठ्याची दिसायला लागली. नॉर्मल मॅपमधले टाकीचे घाव दिसतात ते बरेचसे चमकेमुळेच. उजेड हलला की कवडसा घावांवरून सरकतो आणि डोळ्याला खडबडीतपणा कळतो. चमक पूर्ण काढली की तो खडबडीतपणाही मावळतो.

मी या टप्प्यावर आलो आणि माझी भर घातली ती अशी: "अल्फा उलटा असेल. काळा म्हणजे चमक." हे मी हवेतून काढलं नव्हतं. व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स एंजिनात (एंजिन म्हणजे ज्यावर खेळ चालतात ती यंत्रणा) रंगाच्या चित्राच्या अल्फातून चमक नेमण्याचा एक पर्याय आहे आणि तो खरोखर उलटा चालतो, अल्फा जितका कमी तितकं प्रतिबिंब जास्त. त्याच एंजिनात नॉर्मल मॅपच्या अल्फाचा पर्याय मात्र सरळ चालतो. युनिटी या दुसऱ्या एंजिनाच्या नेहमीच्या शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या भागात) धातूपणाच्या चित्राचा अल्फा गुळगुळीतपणा ठरवतो. प्रत्येक गावची रीत वेगळी. मी एका गावची रीत दुसऱ्या गावात सांगितली, पोराने विश्वास ठेवला आणि रंगाच्या त्याच चुकीच्या फाइलचा अल्फा उलटा करून बघितला. आणखी एक शनिवार गेला.

निर्णायक चाचणी

कोंडी फुटली ती एका साध्या गोष्टीने. खेळाची मूळ फाइल आम्ही दोघांनीही उघडून बघितली नव्हती. मूळ टेक्स्चर खेळाच्या बीएसए संग्रहात बांधलेली असतात, ती सोडवायची साधनं फुकट मिळतात आणि काम दहा मिनिटांचं आहे. आम्ही ते सोडून जगभरचं वाचत बसलो होतो. एका रविवारी मी त्याला म्हटलं, मूळ दगडी फरशीची सगळी चित्रं काढ आणि प्रत्येकाची चौथी वाहिनी मला दाखव.

रंगाच्या चित्रात अल्फात काही नव्हतं. नॉर्मल मॅपच्या अल्फात मात्र फरशीचंच एक करडं, अंधुक चित्र निघालं. दर्जा जवळजवळ काळ्या, दगड गडद करडे, कुठेच पांढरं नाही. दोघंही फोनवर गप्प झालो. उत्तर पहिल्या दिवसापासून खेळातच पडलेलं होतं.

तरी खात्री करून घ्यायला एक चाचणी केली. ती मी आता प्रत्येक वेळी करतो, म्हणून सविस्तर सांगतो. नवीन नॉर्मल मॅपचा अल्फा उभा दुभागला, डावीकडे शून्य आणि उजवीकडे २५५. मधलं काही नाही. फाइल अल्फा मावेल अशा प्रकारात साठवली आणि खेळ चालू केला. जमीन पट्ट्यापट्ट्यांची झाली, एक पट्टा कोरडा तर पुढचा तळ्यासारखा. तीन प्रश्नांची उत्तरं एका नजरेत मिळाली. फाइल बरोबर आहे का? हो. दिशा कुठली? पांढरं म्हणजे चमक, माझा उलटा अंदाज चूक. आणि अल्फाचा जोर किती चालतो? पुष्कळ. आधी त्याने ५० आणि २० असे मधले आकडे घेऊन चाचण्या केल्या होत्या. मधल्या आकड्यांना फरक 'असेल-नसेल' असा वाटतो आणि माणूस स्वतःला फसवतो. टोकं घेतली की तसली मुभा उरत नाही.

कोणते पर्याय होते

आता कुठे हात घालायचा ते ठरवायचं होतं.

मेशमधली चमक बंद करणं किंवा तिचा आकडा कमी करणं हा मार्ग सोपा दिसतो. पण ही एक फरशी खेळात एकाच मेशवर नाही. सरळ तुकडा, कोपरा, पायरीजवळचा तुकडा, उंबऱ्याचा तुकडा असे बरेच तुकडे तेच चित्र वापरतात. प्रत्येक मेश बदलायची म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या मॉडने तीच मेश बदललेली असली तर भांडण लागणार. टेक्स्चर बदललं तर एका फाइलीत काम भागतं. शिवाय मेशचा आकडा अख्ख्या तुकड्याला एकसारखा लागतो. दगड आणि दर्जा वेगळे करता येत नाहीत. हा पर्याय सोडला.

दुसरा पर्याय, अल्फात एकच सपाट करडा भरायचा. हा आम्ही करून बघितला, १२८ ने आणि मग ६० ने. १२८ ला फरशी नुकतं व्हार्निश मारल्यासारखी. ६० ला ओल गेली, आणि घाई असती तर मी तिथेच थांबलो असतो. पण नीट पाहिलं तर ती दगडाची फरशी न वाटता फरशीचं चित्र छापलेली प्लास्टिकची चटई वाटत होती, पूर्वी भाड्याच्या खोल्यांतून अंथरलेली असायची तशी. सगळीकडे सारखी तकाकी हे नकलीपणाचं लक्षण आहे.

तिसरा पर्याय म्हणजे रंगाच्या चित्राचं कृष्णधवल करून तेच अल्फात टाकणं. हा सगळ्यात प्रचलित शॉर्टकट आणि भाच्याचा आवडता. इथे तो सपशेल आपटला. शहाबादीत दगड गडद आणि सिमेंटच्या दर्जा फिक्या. कृष्णधवल केल्यावर दर्जाच सर्वांत पांढऱ्या, म्हणून खेळात दर्जा चांदीच्या तारांसारख्या लखलखल्या आणि दगड निस्तेज. उलटं करून बघू म्हणाला. उलटं केल्यावर दर्जा विझल्या खऱ्या, पण टवके उडालेल्या खळग्यांत धूळ-माती बसून ते काळपट झालेले होते, ते चमकायला लागले. रंगाची उजळता आणि पृष्ठभागाची झिलई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याच घरातलं बघा, काळा कडप्पा ओटा चमकतो आणि पांढरा चुना चमकत नाही.

उरला चौथा, म्हणजे चमकेचं चित्र हाताने रंगवणं.

टॉर्च घेऊन माजघरात

रंगवायचं म्हणजे कुठे किती चमक ते माहीत हवं. फोटोवरून ते कळत नाही. म्हणून पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा मी एक उद्योग केला. रात्री जेवणं आटोपल्यावर माजघरातला दिवा घालवला, मोबाइलचा टॉर्च लावून फोन फरशीवर आडवा ठेवला आणि पलीकडच्या बाजूने गाल जवळजवळ जमिनीला टेकवून बघत बसलो. मावशी आतून आली. "काय हरवलंय रे?" म्हणाली. चमक शोधतोय म्हणालो तर तिने कपाळाला हात लावला आणि दुसरा दिवा आणून दिला.

जे दिसलं ते असं. स्वयंपाकघरातून मागच्या दारी जायची जी वाट, तिच्यावरच्या फरश्यांचे मध्य झिजून तुकतुकीत झालेले. त्याच फरश्यांच्या कडा मंद. भिंतीलगतच्या फरश्यांवर पाय पडत नाही, तिथे टाकीचे घाव अजून शाबूत आणि उजेड विखुरलेला. दर्जा पूर्ण विझलेल्या. जातं असायचं त्या जागी गोल ओरखडे, चमक नाही. आणि देवघरासमोर एक ताटाएवढा डाग, वर्षानुवर्षं समईतलं तेल सांडून मुरलेलं. तो सगळ्यात लकाकणारा.

तेलाचा डाग मला फार आवडला. मी तो अल्फात रंगवला आणि तिथे माझी दुसरी चूक झाली. हे चित्र जमिनीवर पुनःपुन्हा लागतं. एक डाग रंगवला की खोलीत दर थोड्या अंतरावर तोच डाग, रांगेत, लष्करी शिस्तीत. रंगात अशी पुनरावृत्ती थोडी लपते, चमकेत ती लपत नाही, कारण माणूस चालताना कवडसे हलतात आणि नजर तिथेच जाते. डाग काढला. 'ओळखीची' प्रत्येक खूण अल्फातून काढली. झिजलेले मध्य ठेवले, पण एकही मध्य दुसऱ्यापेक्षा फार उठून दिसणार नाही असे.

शेवटी जे आकडे बसले ते शून्य ते २५५ च्या मापात साधारण असे: दगडाचा बहुतेक भाग ५० च्या आसपास, झिजलेले मध्य ९०–९५, टाकीचे घाव आणि टवके ३०, दर्जा १२. वर बारीक रवाळ खरखर, पाच-सहा अंकांची, नाहीतर कवडसा मेणावर पडल्यासारखा दिसतो. शंभरच्या वर काहीही नाही. हे आकडे या खेळाचे, या मेशचे, या फरशीचे. दुसरीकडे तसेच चालतील असं नाही.

एक मर्यादा इथे लक्षात आली. अल्फा चमकेला गुणतो, म्हणजे कवडसा किती झगझगीत हे ठरवतो. कवडसा बंद्या रुपयाएवढा आवळलेला असेल की ताटाएवढा पसरलेला, हे मेशमधला ग्लॉसिनेसचा आकडा ठरवतो. झिजलेल्या दगडाचा कवडसा आवळलेला हवा आणि टाकीच्या दगडाचा पसरट, पण एका मेशवर दोन्ही मिळत नाहीत. भाच्याला मेश बदलायचा मोह झाला होता. मी नको म्हटलं. आजही मला शंभर टक्के खात्री नाही की बरोबर सांगितलं.

दर्जांमधली काजळी

चित्र तयार झालं, खेळात टाकलं, आणि नवीनच भानगड. ओल गेली होती, दगड सुंदर दिसत होते, पण दर्जांत काजळी धरल्यासारख्या काळ्याकुट्ट रेघा. उजेड कुठूनही आला तरी काळ्याच.

त्याचं कारण असं की भाच्याने माझे आकडे घेतले, पण दर्जांना १२ ऐवजी सरळ शून्य दिलं, "विझलेल्या म्हणालास ना मामा." चमकेच्या दृष्टीने शून्य आणि १२ यांत डोळ्याला काडीचा फरक नाही. पण तो चित्रं रंगवायला वापरतो त्या गिंप या प्रोग्रामच्या दृष्टीने शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, म्हणजे तिथे काही नाहीच. त्याने मधल्या टप्प्यात फाइल पीएनजीमध्ये काढली, आणि निर्यातीच्या खिडकीत पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपण्याची एक चौकट असते, ती रिकामी होती. प्रोग्रामने इमानदारीत विचार केला की जे दिसतच नाही त्याचा रंग कशाला ठेवायचा. पण नॉर्मल मॅपमध्ये तो 'रंग' म्हणजे दिशा! दर्जांमधली दिशा पुसली गेली आणि तिथे शून्य-शून्य-शून्य भरलं गेलं. सपाट पृष्ठभागाची दिशा १२८, १२८, २५५ अशी लिहितात. तीन शून्यांचा अर्थ खेळ असा लावतो की पृष्ठभाग जमिनीच्या आत तोंड करून आहे. मग त्यावर उजेड पडणार कसा?

याच कुळातली दुसरी गोष्ट आकार कमी करताना आणि मिपमॅप बनवताना होते. मिपमॅप म्हणजे लांबून बघण्यासाठी त्याच चित्राच्या अर्ध्या, पाव, अष्टमांश आकाराच्या प्रती. पुष्कळ साधनं सरासरी काढताना अल्फाचं वजन धरतात, म्हणजे पारदर्शक पिक्सेलचा रंग कमी मोजतात. फोटोसाठी ते बरोबर, आमच्यासाठी घातक, कारण चमक कमी असलेल्या जागेची दिशाही कमी मोजली जाते. मायक्रोसॉफ्टच्या टेक्सकन्व्ह या साधनात अल्फाची सरासरी वेगळी काढायचा एक पर्याय आहे. तो नेमक्या याच दुखण्यावर आहे.

यावर आम्ही काम करण्याची पद्धतच बदलली. चित्र उघडून पारदर्शकतेशी खेळणं बंद. गिंपमध्ये चित्राचे घटक सुटे करायची सोय आहे. लाल, हिरवा, निळा, अल्फा असे चार करडे थर हातात येतात. अल्फाचा थर साध्या कृष्णधवल चित्रासारखा रंगवायचा आणि मग चारही परत एकत्र बांधायचे. डोळ्यासमोर चौकड्यांची पारदर्शक पार्श्वभूमी येतच नाही, त्यामुळे घोळ होत नाही. चमकेचं चित्र वेगळी करडी फाइल म्हणूनही जपून ठेवलं. आणि शून्य बंद. सर्वांत काळं ते १२.

एक गंमत. बांधून झालेली फाइल त्याने मित्राला पाठवली, तर मित्राचा निरोप: "फाइल करप्ट आहे, काही दिसत नाहीये." चित्र बघायच्या साध्या प्रोग्राममध्ये अल्फा ५० असलेलं चित्र भुतासारखं फिकट दिसणारच. खेळात टाकून बघ म्हणून सांगावं लागलं.

साठवण्याचा निर्णय

हे पटकन. भाच्याची पहिली फाइल ४०९६ पिक्सेलच्या चौकोनाची बीसी १ होती, मिपमॅपसह सुमारे १०.७ एमबी. अल्फासकट बीसी ७ केली तर बरोबर दुप्पट, २१.३ एमबी. आम्ही २०४८ च्या चौकोनावर उतरलो. बीसी ७ मध्ये ती ५.३ एमबी होते, म्हणजे पहिल्या फाइलच्या निम्मी. पायाखालच्या फरशीत फरक आहे का म्हणाल तर नाक लावून बघितलं तर आहे. २०११च्या जुन्या आवृत्तीला बीसी ७ कळत नाही, ती डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेवर चालते, म्हणून तिच्यासाठी बीसी ३ मध्ये वेगळी प्रत काढली. बीसी ३ मध्ये अल्फा चांगला टिकतो, दिशेच्या वाहिन्या मात्र जरा ठोकळेबाज होतात. झिजलेल्या मध्यांवर मला ते दिसतं, भाच्याला दिसत नाही.

परिणाम

फरशी आता कोरडी आहे. चुलीजवळून चाललं की झिजलेल्या मध्यांवरून एक मंद लकाकी सरकत जाते, दर्जांपाशी तुटते, पुढच्या दगडावर परत उमटते. मावशीला लॅपटॉपवर दाखवली. ती बराच वेळ बघून म्हणाली, "आपलीच आहे. पण ही इतकी मोठी चूल कुणाची?"

दोन गोष्टी राहिल्या. दालनाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं तर लांबची फरशी जवळच्यापेक्षा किंचित जास्त चमकते. लहान मिपमॅपमध्ये टाकीचे घाव सरासरीत सपाट होतात, आणि सपाट पृष्ठभाग जास्त लकाकतो. लहान प्रतींचा अल्फा हाताने थोडा काळा केला की हे सुधारेल. एवढ्याशा दालनासाठी आम्ही ते केलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. मूळ फोटो दुपारी खिडकीजवळ काढलेले, त्यामुळे खिडकीचा एक फिकट पट्टा रंगाच्याच चित्रात उतरलाय. तो रंगाचा भाग झाल्यामुळे अल्फा काहीही करा, तो जात नाही. मशाल डावीकडे असो की उजवीकडे, पट्टा तिथेच.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ फाइलच्या चारही वाहिन्या पहिल्याच दिवशी उघडल्या असत्या तर दोन आठवडे वाचले असते. त्यानंतर शून्य आणि २५५ ची दुभागलेली चाचणी, आणि मगच मधले आकडे. आम्ही नेमका उलटा क्रम लावला.

फोटो काढतानाच चमक टाळायला हवी होती. ढगाळ दिवशी, दार-खिडकीकडे पाठ करून, जमलं तर पोलरायझिंग फिल्टर लावून. रंगाच्या चित्रात चमक नको आणि चमकेच्या चित्रात रंग नको, हे मी रोज बिल्डरांच्या कामात पाळतो. घरच्या कामात भाच्याला सांगायचं राहिलं.

तिसरं, मी त्याला दिलेले आकडे तोंडी होते. "दर्जा विझलेल्या" म्हणण्याऐवजी "दर्जा १२, शून्य कधीच नाही, कारण..." असं कारणासकट लिहून दिलं असतं तर काजळी धरलीच नसती. त्याची चूक म्हणून मी तेव्हा त्याच्यावर वैतागलो होतो. आता लिहिताना ती माझी वाटते.

ग्लॉसिनेसचा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. मेशला हात लावू नये हा माझा सल्ला सुरक्षित होता, पण त्यामुळे झिजलेला दगड आणि टाकीचा दगड यांचे कवडसे सारख्याच आकाराचे राहिले. दुसरा मार्ग म्हणजे वाटेवरच्या तुकड्यांसाठी वेगळी मेश करायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. भाचा म्हणतो करू. मी म्हणतो आधी गावी जाऊन फोटो परत काढ, ढग असतील तेव्हा.